आई, बॅले आणि मी

दवाखान्यात येणाऱ्या वृद्धांना गेली सव्वीस-सत्तावीस वर्षे मी एक वाक्य न चुकता सांगत आले : "जपून हं, पडू नका." चिपळूणसारख्या गावात ते सांगणे भागच असते. चार महिने कोसळणारा पाऊस, शेवाळलेल्या जांभ्या दगडाच्या पायऱ्या, जुन्या घरांचे उंच उंबरे, न्हाणीघरातली ओल. खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळलेली आणि त्यातून पुन्हा न उठलेली माणसे मी इतकी पाहिली आहेत की, हा इशारा माझ्या तोंडी एखाद्या स्तोत्रासारखा बसून गेला होता. घरच्या मंडळींना मी पुढे आणखी सांगत असे, "त्यांना एकट्याने हिंडू देऊ नका. बसवून ठेवा."

या सल्ल्यातला पहिला भाग बरोबर होता. दुसरा चुकीचा होता, आणि त्या चुकीची किंमत माझ्या स्वतःच्या आईने मोजली. ती चूक मला कळली तीही अशा गोष्टीमुळे, जिच्याविषयी मला काडीचीही आस्था नव्हती. ती गोष्ट म्हणजे बॅले नृत्य.

आईला २०१६ साली पार्किन्सन्सचे, म्हणजे आपण ज्याला कंपवात म्हणतो त्या आजाराचे निदान झाले. जन्मभर प्राथमिक शाळेत शिक्षिका असलेल्या आईचे अक्षर फळ्यावर कोरल्यासारखे. त्या वर्षी दिवाळीच्या सामानाची यादी तिने लिहिली, तेव्हा पहिली ओळ नेहमीची आणि शेवटची ओळ मुंगीएवढी झाली होती. हात थरथरण्याआधी अक्षर बारीक झाले. डॉक्टर असून मला ते चटकन उमगले नाही, हे कबूल करते. पुढे पुण्याच्या न्यूरॉलॉजिस्टनी निदान केले, औषधे सुरू झाली आणि दोन-तीन वर्षे बरी गेली.

२०१९च्या डिसेंबरात माजघरातून स्वयंपाकघरात जाताना उंबऱ्यापाशी तिचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले. वरचे अंग पुढे गेले, पाय मागेच राहिले आणि ती पडली. उजव्या मनगटाचे हाड मोडले. प्लास्टर निघाले त्या दिवशी मी हुकूम सोडला, "आता उठायचं नाही. जे हवं ते हाताशी मिळेल." पडवीत खिडकीशी एक हातांची खुर्ची ठेवली, शेजारी घंटी. आईने शिस्तीने तो हुकूम पाळला.

चार महिन्यांत तिच्या मांड्या वाळल्या. खुर्चीतून उठवायला दोन माणसे लागू लागली. आवाज खोल गेला, बोलणे कमी झाले. मी ते सगळे आजाराच्या खात्यावर मांडले. वास्तविक त्यातला बराचसा भाग खुर्चीच्या खात्यावर जायला हवा होता.

पडण्याची भीती ही स्वतःच एक व्याधी असते. माणूस घाबरतो म्हणून कमी हलतो. कमी हलतो म्हणून पायांतली शक्ती आणि तोल दोन्ही जातात. आणि ती गेली की पडण्याचा धोका आणखी वाढतो. आपल्या घरी राहणाऱ्या साठीपुढील लोकांवर झालेल्या शंभराहून अधिक चाचण्यांचा आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१९ साली प्रसिद्ध केला. तोल सांभाळण्याचे आणि शरीराचे नियमित व्यायाम करणाऱ्यांमध्ये पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी झाल्याचे त्यात दिसते. हे मला माहीत नव्हते असे नाही. परंतु माहीत असणे आणि आपल्या आईला खुर्चीतून उठवणे यांत फार मोठे अंतर आहे. ते अंतर भीतीचे असते.

त्यानंतर टाळेबंदी आली. पुण्याला शिकणारी माझी मुलगी घरी आली. दिवसभर मुखपट्टी लावून दवाखान्यात बसायचे आणि रात्री घरी येऊन गप्प राहायचे, असे ते दिवस. एके संध्याकाळी मुलीने दूरचित्रवाणी संचावर एक चित्रपट लावला. सूनी तारापोरवाला यांचा, त्याच वर्षी फेब्रुवारीत आलेला 'ये बॅले'. मनीष चौहान आणि अमीरुद्दीन शाह या मुंबईच्या दोन मुलांच्या खऱ्या आयुष्यावर तो बेतलेला आहे. एकाचे वडील टॅक्सीचालक, दुसऱ्याचे वेल्डिंग करणारे. येहुदा माओर नावाचे परदेशी नृत्यशिक्षक मुंबईत त्यांना बॅले शिकवतात, आणि त्यांपैकी अमीरुद्दीन पुढे लंडनच्या रॉयल बॅले स्कूलपर्यंत पोचतो. मनीषने चित्रपटात स्वतःचीच भूमिका केली आहे.

मुले गुणी होती, यात शंका नाही. पण बॅले म्हटले की मला कला दिसतच नसे. मला दिसत ते घोटे. पायाच्या बोटांवर अख्खे शरीर तोललेले पाहिले की हाडे, सांधे, स्नायुबंध यांचीच चिंता मनात येई. "कशाला हा अट्टहास?" मी पुटपुटले.

तेवढ्यात खिडकीकडून आईचा आवाज आला, "मी पाहिलाय बॅले."

मी म्हटले, "आई, तो हा नव्हे. तू नृत्यनाट्य पाहिलं असशील."

"बॅलेच म्हणायचे त्याला," आई हळूहळू पण ठाम बोलली. "गिरगावात होतो तेव्हा. शाळेत होते मी. बाबांनी नेलं होतं. रामायण होतं. माणसंच, पण कळसूत्री बाहुल्यांसारखी नाचत होती. मान अशी, हात असे." तिने कोपर वर उचलून दाखवले. चार महिन्यांत तिने आपण होऊन केलेली ती पहिली हालचाल असावी.

मुलीने लगेच शोध घेतला. आजीची आठवण अगदी खरी निघाली. उदय शंकर यांच्या अल्मोड्याच्या केंद्रात काम केलेले शांती बर्धन यांनी १९५२ साली मुंबईत 'लिटल बॅले ट्रूप' ही संस्था स्थापन केली होती. त्यांच्या 'रामायणा'त नर्तक कळसूत्री बाहुल्या होऊन वावरत. बर्धन स्वतः क्षयाने आजारी होते आणि १९५४ साली त्यातच त्यांचा अंत झाला. संस्था मात्र गुल बर्धन आणि इतर सहकाऱ्यांनी पुढे अनेक दशके चालवली. ती नंतर भोपाळला स्थिरावली. त्याच सुमारास, १९५३ साली, सचिन शंकर यांचे बॅले युनिटही मुंबईत उभे राहिले. म्हणजे आमच्या आईच्या पिढीला 'बॅले' हा शब्द परका नव्हताच. तो परका होता तो मला. स्वतः उदय शंकर यांनी १९२३ साली लंडनमध्ये आना पावलोवा या थोर रशियन बॅले-नर्तिकेबरोबर राधा-कृष्णाचे नृत्य केले होते, हेही मला त्या रात्री पहिल्यांदा कळले.

मग आई जे बोलली ते मी आजवर विसरलेले नाही. ती म्हणाली, "माझं अंग आता त्या बाहुल्यांसारखंच चालतं ना गं? दोरी कुणीतरी दुसराच ओढतोय असं वाटतं." आणि थोडे थांबून, "पण त्या बाहुल्या सुंदर होत्या."

डॉक्टर म्हणून मी आईच्या हालचालींना नावे दिली होती. ताठरपणा, मंदगती, पाय गोठणे, तोल जाणे. प्रत्येक नाव म्हणजे काहीतरी उणे. त्या अंगाकडे पाहताना 'सुंदर' हा शब्द माझ्या मनात कधी आला नव्हता.

मुलगी म्हणाली, "आजी, बाहुल्यांचा आणखी एक बॅले आहे. दाखवू?" आणि तिने 'पेत्रुश्का' लावला.

'पेत्रुश्का' १९११ साली पॅरिसमध्ये पहिल्यांदा सादर झाला. संगीत स्ट्राविन्स्की यांचे, नृत्यरचना फोकिन यांची, आणि पेत्रुश्काच्या भूमिकेत निजिन्स्की. कथा सेंट पीटर्सबर्गच्या एका जत्रेत घडते. ती जत्रा हिवाळ्याच्या अखेरीस, आपल्या शिमग्याच्या आगेमागे भरणारी. एक जादूगार तीन बाहुल्यांचा खेळ दाखवतो. त्यांतला पेत्रुश्का हा भुसा भरलेला बाहुला. खांदे पडलेले, हात लोंबते, पावले आत वळलेली, चाल अडखळती. पण त्याला मन आहे. त्याला प्रेम करावेसे वाटते, राग येतो, आपल्याला कोंडून ठेवले आहे हे कळते. आणि हे सगळे त्याला त्याच लाकडी हातापायांनी सांगावे लागते. दुसरे अंग त्याच्यापाशी नाही.

पंधरा मिनिटांनी माझे हातातले विणकाम थांबले. एका बंद खोलीत तो बाहुला भिंतीवर हात आपटत फिरतो, असा एक प्रसंग आहे. मी पडद्याकडे पाहत होते आणि मला आमची पडवी दिसत होती. खिडकी, खुर्ची, घंटी.

आईचा उजवा हात मांडीवर तालात हलत होता. तो कंप नव्हता. कंपाची लय मला पाठ आहे. ही लय संगीताची होती.

त्या रात्रीनंतर मी बॅलेविषयी वाचू लागले, पाहू लागले. रोज दवाखाना आटोपल्यावर अर्धा तास. हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली. ज्या बॅलेवर माझा राग होता तो जुना, परंपरागत बॅले. तिथे नर्तिका पिसासारखी हलकी दिसली पाहिजे. जणू तिला वजन नाही, वय नाही, जमीन तिला लागत नाही. विसाव्या शतकातल्या आधुनिक बॅलेने ही अट मोडली. १९१३च्या 'द राइट ऑफ स्प्रिंग'मध्ये निजिन्स्कीने नर्तकांची पावले आत वळवली आणि त्यांना जमिनीवर दणादण पाय आपटायला लावले. पॅरिसच्या प्रेक्षकांनी त्या रात्री नाट्यगृहात गोंधळ घातला. आमच्या गौरी-गणपतीतल्या जाखडीचे फेर पाहिलेल्या माणसाला मात्र त्यात धक्का बसण्यासारखे काही नाही. पाय जमिनीवर आपटून नाचायचे असते, हे कोकणात कुणाला शिकवावे लागत नाही.

पुढच्या पिढ्यांनी शरीराचे वजन लपवले नाही, आणि मग वयही लपवले नाही. जिरी किलियान यांनी १९९१ साली नेदरलँड्स डान्स थिएटरमध्ये चाळिशीपुढच्या नर्तकांसाठी वेगळा संघ काढला. जर्मनीत पिना बाउश यांनी आपली 'कोन्टाक्टहोफ' ही रचना २००० साली पासष्ट वर्षांवरील सामान्य स्त्री-पुरुषांना घेऊन पुन्हा उभी केली. सुरकुतलेले हात, जड कंबरा, मोजकी पावले. मी ते तुकडे पाहिले तेव्हा माझे लक्ष घोट्यांकडे गेलेच नाही. एक बाई दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवते, एवढीच हालचाल. आणि ती पाहताना मी श्वास रोखून बसले होते.

माझ्या कामाची माहिती मात्र मिळाली ती अमेरिकेतून आणि पुण्यातून. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१ साली तेथील पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या गटाबरोबर नृत्याचे वर्ग सुरू केले. व्यावसायिक नर्तक शिकवणार, रुग्ण शिकणार. तिथे त्यांना रुग्ण म्हणून वागवायचे नाही, नर्तक म्हणून वागवायचे. वर्गाची सुरुवात खुर्चीत बसून होते. ज्याला जमेल तो पुढे आधाराने उभा राहतो. आज हे वर्ग अनेक देशांत चालतात. आपल्याकडे पुण्यात कथक आणि आधुनिक नृत्याचे शिक्षण घेतलेले हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांना नृत्य शिकवायला सुरुवात केली, त्यालाही आता दशकाहून अधिक काळ लोटला. पुण्यातील 'पार्किन्सन्स मित्रमंडळ' हा रुग्ण आणि त्यांच्या नातेवाइकांचा स्वमदत गट तर मराठी कुटुंबांना मोठा आधार आहे.

नृत्याचा या आजारात उपयोग का व्हावा, हे थोडक्यात सांगते. चालणे ही आपल्यासाठी न विचार करता होणारी क्रिया असते. मेंदूच्या आतल्या भागातील काही पेशीसमूह 'आता हे पाऊल, आता ते' असा अंतर्गत ठेका धरून देतात, आणि त्यासाठी डोपामीन हे रसायन लागते. पार्किन्सन्समध्ये ते कमी पडते. आतला ठेका चुकतो, पाऊल अडते. परंतु ठेका बाहेरून मिळाला, म्हणजे टाळ वाजला, कुणी मोजले, जमिनीवर रेघा दिसल्या, तर मेंदूतील दुसऱ्या वाटांनी पाऊल उचलता येते. म्हणूनच सपाट जमिनीवर अडणारा रुग्ण कधीकधी जिना सहज चढतो आणि घरचे म्हणतात, "म्हणजे मुद्दाम करतात!" ते मुद्दाम करत नाहीत. जिन्याची प्रत्येक पायरी हीच त्यांच्यासाठी एक खूण असते.

आमच्या घरी प्रयोग सुरू झाला. बॅलेचे संगीत आईला दोन दिवसांत कंटाळवाणे झाले. तेव्हा आईच्या सोबतीला येणाऱ्या मावशींनी मार्ग काढला. त्यांच्या घरात जाखडीचा फड. सासरे मृदंग वाजवणारे. त्यांनी रिकामा बिस्किटांचा डबा उपडा मांडीवर घेतला आणि भजनाचा ठेका धरला. "आजी, पाय नका बघू. माझ्या हाताकडे बघा," असे त्या म्हणत. आधी खुर्चीत बसून टाचा उचलायच्या, मग हात, मग मान वळवायची. दोन आठवड्यांनी खुर्चीच्या हातांना धरून उभे राहायचे. एका महिन्याने आई माझे दोन्ही हात धरून माजघरात चार पावले पुढे, चार पावले मागे करू लागली. मुलगी पाठीशी उभी राही. उंबऱ्यावर आम्ही पांढरी पट्टी चिकटवली. आई ती पट्टी ओलांडताना दर वेळी मान थोडी तिरकी करी, त्या बाहुल्यांसारखी. ती आजाराची मान होती की तिच्या आठवणीतली, हे मी विचारले नाही.

वाचकांचा गैरसमज होऊ नये म्हणून सांगते. आजार बरा झाला नाही. तो बरा होत नाही. औषधाच्या गोळ्या कमी झाल्या नाहीत. काही दिवस ती अजिबात उठू शकत नसे. परंतु सहा महिन्यांनी खुर्चीतून उठायला तिला दोन माणसे लागेनाशी झाली. एकाचा हात पुरेसा होई. आणि ती भांडू लागली. भाजीत मीठ कमी असल्याची तक्रार मी इतक्या आनंदाने कधी ऐकली नव्हती.

त्यानंतरच्या वर्षी, २२ जुलै २०२१ला, चिपळूणला महापूर आला. रात्रभर पाऊस कोसळत होता. पहाटे अंगणात पाणी दिसले आणि पाहता पाहता ते पडवीत शिरले. वीज गेली. मुलगी पुण्याला, मावशी त्यांच्या वाडीत. घरात आम्ही तिघेच. आई, माझे पती आणि मी. माडीवर जायला पाठीमागचा लाकडी जिना, पंधरा पायऱ्यांचा. आई त्यावर दोन वर्षांत चढली नव्हती.

पहिल्या पायरीपाशी तिचे पाय गोठले. घोट्याएवढे पाणी, अंधार, बाहेर आरडाओरडा. भीतीने हा आजार दुप्पट होतो. माझे पती तिला उचलायला वाकले. वर्षभरापूर्वी मीही तिचा हात धरून ओढले असते, आणि गोठलेल्या माणसाला ओढले की तो हमखास पडतो. मी त्यांना थांबवले. दोन पायऱ्या वर जाऊन उभी राहिले आणि हातातल्या विजेरीने कठड्यावर मावशींचा ठेका धरला. "आई, पाय बघू नकोस. हाताकडे बघ."

काही क्षण काहीच झाले नाही. मी ठेका सोडला नाही. मग तिचे उजवे पाऊल उठले.

मध्ये ती दोनदा थांबली. दोन्ही वेळा आम्ही थांबलो, श्वास घेतला, पुन्हा ठेका धरला. माझे पती मागून एकेक पायरी चढत होते. वर पोचल्यावर मी विजेरीचा झोत खाली टाकला, तेव्हा पडवीतली ती हातांची खुर्ची पाण्यावर तरंगत होती.

पूर ओसरल्यावर दवाखान्याचा चिखल काढायला तीन आठवडे लागले. सगळी जुनी नोंदपत्रे गेली. नव्या नोंदवहीत मी प्रत्येक वृद्ध रुग्णासाठी एक जादा रकाना आखला : 'आवडीचे गाणे अथवा ठेका'. सुरुवातीला लोक चमकून पाहत. आता त्यांचे तेच सांगतात. कुणाला भजन, कुणाला नमन-खेळ्यांचा मृदंग, कुणाला नाट्यगीत. एका निवृत्त पोलीस आजोबांना बँडची कवायत हवी असते, आणि त्यावर ते उत्तम चालतात.

ज्यांच्या घरी असे आजी-आजोबा आहेत, त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी लिहिते.

एक, कोणतीही सुरुवात करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारा, शक्य तर फिजिओथेरपिस्टनाही. हृदयविकार, ठिसूळ हाडे, नुकताच झालेला अस्थिभंग असेल तर व्यायामाचे स्वरूप बदलावे लागते. बसलेले एकदम उठले की चक्कर येत असेल, तर बसून आणि उभे राहून असा दोन्ही वेळचा रक्तदाब मोजून घ्या.

दोन, पार्किन्सन्सच्या रुग्णाबाबत औषधाचा अंमल चांगला असेल तीच वेळ निवडा. ती वेळ प्रत्येकाची निराळी असते. आठवडाभर वहीत टिपून ठेवली तर आपोआप कळते.

तीन, सुरुवात नेहमी खुर्चीतून करा. खुर्ची हातांची, जड आणि न सरकणारी हवी, चाकांची नको. पायांत न घसरणारी, टाच बंद असलेली पादत्राणे घाला. नुसते मोजे घालून मुळीच नको. जमीन कोरडी, सतरंज्या-पायपुसणी दूर, उजेड भरपूर. उभे राहताना एक माणूस जवळ पाहिजेच.

चार, पाय अडले तर ओढू नका, ढकलू नका, घाई करू नका. थांबा. रुग्णाला सरळ उभे राहू द्या. वजन एका पायावरून दुसऱ्यावर हलके घेऊ द्या. मग मोजा, टाळी वाजवा किंवा त्यांच्यापुढे आपले पाऊल आडवे ठेवून ते ओलांडायला सांगा. ठेका संथ ठेवा. जलद ठेक्याने पावले धावत सुटतात.

आणि सांभाळ करणाऱ्यांनी आपल्यासाठीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. दहा मिनिटे पुरतात. ज्या दिवशी जमणार नाही, त्या दिवशी जमले नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नये. मी स्वतःला पुष्कळ दोष दिला आहे. त्याने आईच्या मांड्यांत तसूभरही ताकद आली नाही.

आई आता पंच्याऐंशी वर्षांची आहे. गेल्या वर्षापासून तिला उभे राहता येत नाही. आजार पुढे सरकला आहे आणि पुढेही सरकेल. नृत्य मात्र थांबलेले नाही, ते हातांत आले आहे. संध्याकाळी दिवा लावून झाला की मावशी डबा घेतात. आई खुर्चीत बसून कोपर वर उचलते, मनगट सोडते, बोटे एकेक करून उघडते. मी समोर दुसऱ्या खुर्चीत बसून तिचे अनुकरण करते. कधी मुलगी सुटीला आलेली असली की तीही बसते. एकेकाळी घोट्यांपलीकडे काही न दिसणारी मी, आता रात्री एखाद्या नव्या बॅलेचा तुकडा सापडला की तो आईला दाखवायला धावत जाते. तिची मते कडक असतात. फार उड्या मारणारे तिला आवडत नाहीत.

परवा आमचा हातांचा नाच चालू असताना ती मध्येच थांबली. बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मला वाटले, औषधाचा अंमल उतरला. नाडी पाहायला मी पुढे वाकले, तर ती तिच्या त्या खोल गेलेल्या आवाजात म्हणाली, "तुझे खांदे किती ताठ आहेत गं! जरा सैल सोड की."

मी सोडले.